छातीतली कळ आणि घड्याळाचा काटा

गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका हृदयरोगतज्ज्ञांचं व्याख्यान झालं. विषय नेहमीचाच, हार्ट ॲटॅक आला तर काय करावं. डॉक्टर छान बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली, शेवटी चहा-बिस्किटं झाली आणि मंडळी आपापल्या गोळ्यांविषयी बोलत घरी गेली. माझी मात्र जुनी खोड. जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, त्यामुळे 'हे करावं' असं कोणी सांगितलं की 'हे कधीपासून करायला लागले आणि त्याआधी काय करत होते?' हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "आजी, त्याआधी काहीच करत नव्हते!" मग नातवाच्या मदतीने वाचत बसले. मी डॉक्टर नाही, साधी बी.ए. झालेली बाई. तेव्हा हे औषधोपचाराचा सल्ला म्हणून वाचू नये, गोष्ट म्हणून वाचावं.

तर डॉक्टरांचं उत्तर एका अर्थी खरंच होतं. चाळीसेक वर्षं काहीही न करणं हाच या दुखण्यावरचा उपचार होता, आणि तो मोठ्या कडकपणे केला जात असे.

सुरुवात शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांच्यापासून करू. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना करोनरी म्हणतात. त्यातली एखादी अचानक बंद झाली की माणूस तत्काळ मरतो असं तोवर बहुतेक वैद्यकीय पुस्तकं सांगत. म्हणजे निदान करायचं ते शवविच्छेदनाच्या टेबलावर. हेरिक यांनी १९१२ साली लेख लिहून सांगितलं की असं नाही, काही माणसं तास न् तास, दिवस न् दिवस जगतात, काही बरीही होतात, म्हणून हा आजार जिवंतपणी ओळखता आला पाहिजे. (कीव्हच्या दोन डॉक्टरांनी, ओब्राझत्सोव आणि स्त्राझेस्को यांनी, हेच १९१० मध्ये मांडलं होतं, पण मान मिळाला हेरिकना. इतिहासात हे नेहमीचंच.) त्यांच्या लेखातले एक रुग्ण म्हणजे ५५ वर्षांचे गृहस्थ. जेवून तासभर होतो तोच छातीच्या खालच्या बाजूला भयंकर कळ आली. त्यांना वाटलं, खाल्लेलं काहीतरी बाधलं, म्हणून त्यांनी मुद्दाम उलटी काढली. ५२ तासांनी ते गेले. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचा शिकागोचा माणूस, पण वाचताना मला आमच्या वाड्यातले दोन-तीन चेहरे आठवले. ओवा, सोडा, हिंगाचं पाणी, आणि "जरा पडा म्हणजे बरं वाटेल."

हेरिक यांनी अशा रुग्णांना काही दिवस अंथरुणात पूर्ण विश्रांती द्यावी असं सुचवलं होतं. पुढच्यांनी त्या काही दिवसांचे सहा आठवडे केले. हृदयाच्या मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला साधारण तेवढा काळ लागतो, आणि तोवर हालचाल केली तर हृदय फाटेल, असा विचार. विचार चुकीचा म्हणावा तर तसाही नाही, ऐकायला अगदी शहाणपणाचा वाटतो. म्हणून तर इतकी वर्षं टिकला. रुग्णाने उताणं पडून राहायचं. जेवण दुसऱ्याने भरवायचं, दाढी दुसऱ्याने करायची, कूस बदलायची तीही दुसऱ्याच्या हाताने.

हे मी पाहिलेलं आहे. आमच्या थोरल्या काकांना १९६३ साली ॲटॅक आला. ते कोर्टात शिरस्तेदार होते, वय ४७. सहा आठवडे ते पलंगावर आणि काकू पलंगाशी. आम्हा मुलांना त्या खोलीजवळ चपला वाजवायची बंदी होती. काका उठले, पण तो पलंग काही त्यांना सोडून गेला नाही. माडीवर म्हणून पुन्हा कधी चढले नाहीत, नोकरी सोडली, लग्नकार्यात पंगतीला बसले नाहीत. त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. पण घरात त्यांची ओळख 'हार्टचे पेशंट' हीच राहिली. आता वाचल्यावर कळतं की काका पलंगावर पडून होते तेव्हा बोस्टनचा तो लेख छापून अकरा वर्षं झाली होती.

तो लेख सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांचा, १९५२ सालचा. गुरू आणि शिष्य. लेव्हाइन यांचं म्हणणं होतं की आडवं पडल्यावर उलट जास्त रक्त हृदयाकडे परततं, त्याच्यावर भार पडतो. पाय खाली सोडून बसलं तर तो हलका होतो. शिवाय पडून पडून पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, त्या फुप्फुसात जाऊन माणूस दगावतो. म्हणून त्यांनी ८१ रुग्णांना सुरुवातीच्याच दिवसांत उचलून आरामखुर्चीत बसवलं. बस, एवढंच! औषध नाही, यंत्र नाही, एक खुर्ची. पण हा रुग्णांवरचा अमानुष प्रयोग आहे असं वाटून रुग्णालयातले तरुण डॉक्टर लाउन दिसले की हिटलरी सलाम ठोकत, असं लाउन यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. लाउन स्वतः ज्यू, त्यामुळे तो सलाम किती झोंबला असेल! रुग्ण मात्र सुधारले. त्यांची भीती गेली हा त्यातला मोठा भाग. खुर्चीत बसलेल्या माणसाला आपण मरणार नाही असं वाटू लागतं.

पुढे १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ॲटॅक आला. डेन्व्हरला सुट्टीवर होते, दिवसा गोल्फ खेळले, जेवणात हॅम्बर्गर आणि कच्चा कांदा. २४ सप्टेंबरच्या पहाटे छातीत दुखू लागलं. वर्तमानपत्रवाल्यांना सकाळी सांगितलं गेलं की अध्यक्षांचं पोट बिघडलं आहे! ईसीजी निघाला तो दुपारी. म्हणजे जगातल्या सगळ्यात सामर्थ्यवान माणसाच्या दुखण्याचं खापरही आधी कांद्यावरच फुटलं. त्यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट हे लवकर उठवण्याच्या मताचे, त्यामुळे अध्यक्ष थोड्याच दिवसांत खुर्चीत बसले. तरी रुग्णालयात सात आठवडे काढले. पुढच्या वर्षी निवडणूक लढवून ते पुन्हा निवडून आले आणि 'हार्टचा पेशंट' कामाचा राहत नाही ही समजूत निदान तिकडे तरी ढिली झाली.

इथपर्यंत सगळी धडपड वाचलेल्यांना सांभाळण्याची. मरणाऱ्यांना वाचवण्याची सुरुवात डॉक्टरांनी केली नाही, विजेच्या इंजिनिअरने केली, हे मला फार गमतीचं वाटतं. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले विल्यम कोवेनहोव्हेन. तारांवर काम करणारे कामगार विजेच्या धक्क्याने मरत, म्हणून वीजकंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला होता. विजेच्या धक्क्याने हृदयाची लय बिघडते, ते ठोके देण्याऐवजी नुसतं थरथरत राहतं. हार्ट ॲटॅकमध्येही पुष्कळ माणसं नेमकी याच थरथरीने जातात. दुसरा धक्का दिला तर लय परत येऊ शकते. कुत्र्यांवर प्रयोग चालू असताना त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर यांच्या ध्यानात आलं की शॉक देण्यासाठी छातीवर जड पट्ट्या नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब थोडा वर जातो. वीज सोडण्याआधीच! त्यातून छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची रीत निघाली. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी १९६० मध्ये ती जाहीर केली. पहिल्या २० रुग्णांपैकी १४ वाचले. त्याआधी हृदय बंद पडलं तर छाती फाडून हाताने हृदय चोळावं लागे, आता दोन तळहात पुरले.

पण ते तळहात वेळेवर पोचले पाहिजेत. साध्या वॉर्डात रात्री एखाद्या रुग्णाचं हृदय थांबलं तर ते सकाळी कळायचं. एडिंबराच्या तरुण डेस्मंड ज्युलियन यांनी १९६१ मध्ये सुचवलं की असे रुग्ण एकाच ठिकाणी ठेवा, सतत ईसीजी चालू ठेवा, लय बिघडली की घंटी वाजू द्या आणि शिकवलेली माणसं जवळ ठेवा. हेच आजचं आयसीसीयू. १९६२ मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला ह्यूज डे यांनी असा विभाग सुरू केला. त्याच वर्षी लाउन यांनी (तेच खुर्चीवाले) एकदिश प्रवाहाचा जास्त सुरक्षित शॉक शोधून काढला. मात्र आयसीसीयूचं यश नुसतं यंत्रांचं नव्हतं. डॉक्टर येईपर्यंत न थांबता शॉक देण्याची परवानगी नर्सना मिळाली, तेव्हा कुठे विभागाला अर्थ आला. ज्यांनी तोवर फक्त ताप बघायचा आणि ऑर्डर पाळायची त्या बायकांच्या हाती जीवनमरणाचा निर्णय दिला गेला. याविषयी पुस्तकांत दोन ओळी असतात. दोन प्रकरणं असायला हवीत.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या माणसाकडे येते. फ्रँक पँट्रिज, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर. १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडले आणि ब्रह्मदेशाच्या त्या कुप्रसिद्ध रेल्वेवर राबले. उपासमारीने बेरीबेरी झाला, तोही हृदयावर परिणाम करणारा. सुटून आले तेव्हा नुसता सापळा. परत येऊन हृदयरोगाचाच अभ्यास केला. बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात त्यांना एक गोष्ट खटकली. आयसीसीयूचं इतकं कौतुक चाललंय, पण ॲटॅकने मरणाऱ्या मध्यमवयीन माणसांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या तासातच जातात. म्हणजे घरात, रस्त्यात, कचेरीत. रुग्णालयात येतात ते मुळात त्या तासातून तरलेले! आपण सुसज्ज खोली उघडून दाराशी बसलोय आणि मरणारा माणूस तिथपर्यंत येतच नाही.

मग त्यांनी खोलीच बाहेर काढली. जानेवारी १९६६ मध्ये रुग्णवाहिकेत शॉकचं यंत्र, डॉक्टर आणि नर्स घालून ती रुग्णाच्या दाराशी पाठवायला सुरुवात केली. पहिलं यंत्र गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारं आणि वजन सुमारे ७० किलो. दोन-तीन वर्षांत ते ३.२ किलोवर आणलं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॉन गेडिस यांनी १९६७ मध्ये पहिल्या पंधरा महिन्यांचा हिशोब छापला. ३१२ रुग्ण आणले, वाटेत एकही मृत्यू नाही. अमेरिकेने ही कल्पना पटकन उचलली. ब्रिटनमध्ये मात्र पुढच्या सगळ्या रुग्णवाहिकांमध्ये शॉकचं यंत्र असावं यासाठी पैसे मंजूर व्हायला १९९० उजाडलं. घरच्या माणसाचं घरी ऐकत नाहीत, हे काही फक्त आपल्याकडेच नाही.

एवढं सगळं झालं, पण मूळ दुखण्याला अजून कोणी हात लावला नव्हता. धमनीत अडकलेली गुठळी तशीच होती. तिच्यावरचं औषध मात्र आधीच सापडलेलं! न्यूयॉर्कला आणि बॉल्टिमोरला काम केलेल्या विल्यम टिलेट यांना १९३३ मध्ये दिसलं होतं की घसा बिघडवणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू रक्ताची गुठळी विरघळवणारं काहीतरी सोडतात. तेच स्ट्रेप्टोकायनेज. मग पन्नास वर्षं काय केलं? भांडले. गुठळीमुळे ॲटॅक येतो की ॲटॅक आल्यावर गुठळी होते, हा वाद. अंडं आधी की कोंबडी आधी. मेल्यानंतर तपासून तो सुटेना. १९८० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन गावच्या मार्कस डीवुड यांनी ॲटॅक चालू असतानाच रुग्णांची अँजिओग्राफी केली. तोवर असं करायला सगळे घाबरत. पहिल्या चार तासांत तपासलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांची धमनी पूर्ण बंद होती. वाद संपला.

त्यानंतर इटलीतल्या १७६ विभागांनी मिळून ११,८०६ रुग्णांवर स्ट्रेप्टोकायनेज तपासलं. निकाल १९८६ मध्ये आला. एकूण मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ वर आले, ही गोष्ट मोठीच. पण त्या कोष्टकातली दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. दुखू लागल्यापासून पहिल्या तासात ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, आणि सहा तासांनंतर ज्यांना मिळालं त्यांना फायदा दिसलाच नाही. तेच औषध, तोच डोस. फरक फक्त घड्याळाचा. रक्त थांबलं की हृदयाचा स्नायू आतल्या थरापासून मरायला लागतो आणि ते मरण तासागणिक बाहेर सरकत जातं, हे कुत्र्यांवरच्या प्रयोगांत आधी दिसलं होतं. माणसांतही तसंच आहे हे इथे आकड्यांनी सांगितलं. शिकागोच्या गृहस्थांना विश्रांती दिली होती, इथे घाई हवी होती.

दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, ऑक्सफर्डच्या मंडळींनी १७,१८७ रुग्णांची चाचणी छापली. तिचं नाव आयसिस-२. त्यात स्ट्रेप्टोकायनेजच्या जोडीला साधी ॲस्पिरिन होती. दोन्ही न मिळालेल्यांत पाच आठवड्यांत १३.२ टक्के गेले, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. नुसत्या ॲस्पिरिननेही मृत्यू तेवीस टक्क्यांनी घटले. डोकेदुखीची, पैशापासरी मिळणारी गोळी! (कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स क्रेव्हन नावाच्या एका साध्या डॉक्टरने १९५०च्या सुमाराला हे ओळखलं होतं. टॉन्सिल काढलेल्या मुलांना ॲस्पिरिनचा च्युइंगगम दिला की रक्त जास्त जातं, मग तीच ॲस्पिरिन गुठळी का टाळणार नाही, हा त्याचा तर्क. त्याचे लेख लहान नियतकालिकांत आले, कोणी लक्ष दिलं नाही.)

याच चाचणीतली एक हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. छापणाऱ्यांनी आग्रह धरला की वय, स्त्री-पुरुष वगैरे लहान लहान गटांत फायदा किती तेही द्या. संशोधक म्हणाले, लहान गटांत योगायोगाने काहीही दिसतं, फसाल. तरी ऐकेनात, तेव्हा त्यांनी राशींचाही गट घातला! आणि निघालं काय, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, उलट थोडं नुकसानच. (या जन्मतारखेच्या पाश्चात्त्य राशी बरं का, आपल्या पत्रिकेतल्या नव्हेत. आमच्याकडे तूळवाले दोघं आहेत, म्हणून लगेच सांगितलं.) हसत हसत इतका कडक धडा दुसऱ्या कोणी दिल्याचं मला माहीत नाही.

जाता जाता ऑस्लोचीही एक गोष्ट. गुठळी विरघळवणारं औषध नळीने थेट हृदयाच्या धमनीत सोडण्याचा प्रयत्न मॉस्कोच्या येवगेनी चाझोव यांनी सत्तरीच्या दशकातच केला होता. हे चाझोव आणि आपले खुर्चीवाले लाउन यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात अण्वस्त्रांविरुद्ध डॉक्टरांची संघटना काढली आणि तिला १९८५चं शांततेचं नोबेल मिळालं. पारितोषिकाच्या आदल्या दिवशी पत्रकार परिषद चालू असताना एक सोव्हिएत पत्रकार कोसळला, हृदय बंद. हे दोघे व्यासपीठावरून उतरले आणि इतर डॉक्टरांबरोबर त्याची छाती दाबू लागले. तो माणूस जिवंत रुग्णालयात पोचला. एखाद्या कादंबरीत असं लिहिलं असतं तर मी फुलीच मारली असती!

फुग्याची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. झ्युरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ला पहिल्यांदा जाग्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून ती मोकळी केली. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात तयार केले होते. पुढे ॲटॅक चालू असतानाच फुगा घालणं सुरू झालं, १९९३च्या चाचण्यांत ते इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं, स्टेंट आले. रुग्ण दाराशी आल्यापासून नव्वद मिनिटांत धमनी उघडावी हा दंडक झाला. सहा आठवड्यांवरून नव्वद मिनिटं.

आणि आपण? भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत २००१ ते २००५ दरम्यान वीस हजारांवर रुग्णांची नोंद ठेवली गेली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात, मोठा ॲटॅक असलेल्यांना रुग्णालयात आल्यापासून इंजेक्शन मिळायला लागलेली मध्यमान वेळ होती ५० मिनिटं. वाईट नाही. पण दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेली वेळ होती ३६० मिनिटं. सहा तास. म्हणजे इटलीच्या कोष्टकात जिथे फायदा संपतो, बरोबर तिथे निम्मे लोक नुकते दाराशी पोचत होते किंवा अजून पोचलेच नव्हते.

ते सहा तास कुठे जातात ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. एक तास ओव्याचा. एक तास "मुलाला रात्री कशाला उठवायचं" याचा. मग जवळचा दवाखाना, तो बंद, मग रिक्षा. त्यातही बायका आणखी उशिरा निघतात, सकाळचा स्वयंपाक उरकून. पण सगळं खापर भित्र्या किंवा भिडस्त माणसांवर फोडू नये, कारण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. तीस दिवसांत श्रीमंतांतले ५.५ टक्के गेले, गरिबांतले ८.२ टक्के. गरिबांचं हृदय काही वेगळं नसतं. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशोबात धरला तेव्हा मृत्यूंतला हा फरक नाहीसा झाला. मी हे वाक्य तीनदा वाचलं.

त्यानंतर बरंच बदललं आहे, तेही सांगितलं पाहिजे. १०८ची सेवा २००५ मध्ये हैदराबादला सुरू झाली, महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. २०१७च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. तामिळनाडूत लहान रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांशी जोडली गेली. लहान ठिकाणी ईसीजी काढून इंजेक्शन द्यायचं आणि मग रुग्णाला फुग्यासाठी पुढे पाठवायचं. २०१७ मध्ये छापलेल्या निकालानुसार तिथे वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. हे गुठळीचं इंजेक्शन आता शिरेत एका झटक्यात देता येतं, त्याला मोठं शहर लागत नाही. ईसीजीचं यंत्र, ते वाचणारा कोणीतरी आणि फ्रिज एवढं पुरतं. आमच्या तालुक्याच्या गावी ते ठेवलेलं असतं का, हे भाच्याला विचारायला सांगितलं आहे. तुमच्या गावी असेल तर मला कळवा. आणि काकांसारखे सहा आठवडे काढलेलं कोणी तुमच्या घरी असेल, तर त्यांच्याकडून ते दिवस ऐकून जरूर लिहा. त्या पलंगांविषयी पुस्तकांत फारसं काही नाही.